दार्जिलिंगवालीचा शनवार

३ नोव्हें., रवि.

रोह्याहून झाड आणलं. एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. नागोठण्यापर्यंत परडीतून पाणी गळत होतं, ड्रेसची वाट लागली. शेजारच्या बाईने बराच वेळ बघून विचारलं, "कांद्याची पात हाय का?" म्हटलं, तसंच समजा.

मिल्कामावशी स्टुलावर चढून याच झाडाला पाणी घालत होती, तेव्हा पडली. हाड वाचलं, कंबर काळीनिळी. शेवटी ठरलं की झाड माझ्याकडे पेणला आणि मावशी जमिनीवर. (मिल्कामावशी रोज लिहायला लांब पडतं. पुढे मि.मा.)

रोह्याचं आमचं घर आणि तिचं घर एका भिंतीचं. आई गेली, भावाने आमचं घर विकलं, पण माझं माहेर काही बंद पडलं नाही. ते भिंतीपलीकडे सरकलं, एवढंच.

निघताना सूचना: "रोज थोडं पाणी दे गो. शनवारी नको. शनवार तिचा पण सुट्टीचा." मि.मा. यहुदी. शुक्रवारी दिवेलागणीला दिवा लावला की शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत चूल नाही, बटण नाही, फोन नाही. झाडालाही तोच नियम लावून ठेवलाय. मी कंपनीच्या लॅबमध्ये इतकी वर्षं काढली, आणि आता झाडाचा उपास पाळायचा.

५ नोव्हें., मंगळ.

मि.मा.चे यजमान शालोमकाका रिटायर झाल्यावर दोघं दार्जिलिंगला गेली, तिथून हे आणलं. ऑर्किड. मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं. नाव सीलोजिनी. मि.मा. नुसतं 'दार्जिलिंगवाली' म्हणते.

नेटवर वाचलं. थंडीत रात्री कडक गार लागतात तिला, तेव्हाच फूल धरते. रोह्यात कुठून आणायच्या? पेणलाही थंडी म्हणजे स्वेटर घालून फोटो काढण्यापुरतीच. म्हणून आजवर एक कळी नाही. काका जाईपर्यंत म्हणत, फुलेल, फुलेल. गेले, तरी नाही.

स. म्हणाला, "मग जगलं कसं एवढी वर्षं?"
"हट्टाने."
"कोणाच्या?"
नवरे कधीकधी बरं विचारतात.

११ नोव्हें., सोम.

सुचलं. मागच्या पडवीत स.चा काचेच्या दाराचा फ्रीज पडून आहे. स्टँडजवळचं कोल्ड्रिंकचं दुकान बंद केलं तेव्हापासून त्यात पापड, जुने रंगाचे डबे आणि एक छत्री राहते. त्यात रात्री झाड ठेवायचं, सकाळी बाहेर काढून उत्तरेच्या खिडकीत टांगायचं.

स.ला सांगितलं. त्याने फ्रीजचं दार उघडून बघितलं. "त्यात मी लोकांना लिंबू सोडा विकलाय गं." मग स्वतःच पापड बाहेर काढायला लागला.

१६ नोव्हें., शनि.

फ्रीज चालू. पहिल्या दिवशी जास्तच गार झालं, पानांवर बर्फाचा पापुद्रा. धावत बाहेर काढलं. बटणाखाली पुठ्ठ्याची पट्टी अडकवून आता बारा-तेरा अंशांवर बसवलंय. थर्मामीटर लॅबमधल्या सवयीने दोन लावले, एकावर विश्वास नाही.

शनिवार, म्हणून पाणी नाही. पाळला बाबा.

२४ नोव्हें., रवि.

रोह्याला. मि.मा. काठी घेऊन चालते, काठीवर रागावते. फ्रीजचं ऐकून हसून हसून खोकला आला. "शालोम असता तर स्वतः जाऊन बसला असता त्यात."

बेनीचा फोन आला होता. बेनी तिचा एकुलता, तिकडे इस्रायलला, आता पन्नाशीचा. पुन्हा तेच, आई तू ये, एकटी पडशील. मि.मा.: "हा तिकडं सायरन वाजला की बायकापोरांना घेऊन तळघरात पळतो, आणि मला सांगतो इथं धोका हाय." मी हसले. ती हसली नाही.

येताना पोह्यांचा डबा दिला. माहेरचा डबा.

९ डिसें., सोम.

नवे कंद टपोरे झालेत, हिरवे, गोल. हात लावून बघावंसं वाटतं. पाणी कमी केलंय, थंडीत तिला तहान कमी. तिच्यासाठी एसीचं पाणी धरून ठेवत होते ते थांबवलं, आता एसी कोण लावतंय.

समोरच्या कारखान्यात गणपतींचे नुसते देह उभे आहेत, रंग नाही, डोळे नाहीत. सकाळी झाड खिडकीत टांगते तेव्हा ते सगळे आमच्याकडे तोंड करून.

२० डिसें., शुक्र.

काही नाही. गार. फ्रीजचा घरघराट. स. म्हणतो, लाईट बिल बघ. बघितलं. घडी घालून ठेवलं.

४ जाने., शनि.

कंदाच्या बुडाशी एक टोक. आधी वाटलं नवी पात. भिंग आणलं. पात नाही. दांडा. फुलाचा.

लगेच रोह्याला फोन. वाजून वाजून बंद पडला. मग डोक्यात प्रकाश पडला, आज शनिवार. दिवसभर पोटात घेऊन बसले. स.ला चार वेळा दाखवलं, चौथ्या वेळी तो म्हणाला, "दिसलं गं, दिसलं."

संध्याकाळी गच्चीत जाऊन चांदण्या मोजल्या. तीन झाल्यावर फोन लावला. "मावशी, दार्जिलिंगवालीला दांडा आलाय." मला वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "बरं." आणि फोन ठेवला.

५ जाने., रवि.

पहिल्या गाडीने रोह्याला. पडलीबिडली तर नाही ना, हेच डोक्यात.

नाही. ओट्याशी उभी राहून नारळ खोवत होती. मी विचारण्याआधीच बोलली. पडली त्या आठवड्यात बेनी फोनवर रडला. त्याला आई पडल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं, शेजाऱ्याकडून. ये म्हणाला, तिकीट काढतो म्हणाला. हिला नाही म्हणवेना आणि हो म्हणवेना. मग हिने भिंतीवरच्या एलिया हन्नाबीच्या, त्यांच्या पैगंबराच्या, तसबिरीसमोर उभं राहून बेनीला फोनवर सांगितलं, तुझ्या बापाचं झाड एकदा फुलू दे, मग येते. कायमची.

"मला काय म्हायती तू फ्रीज आणशील?"

इतक्या वर्षांत न फुललेलं झाड. ते कधी फुलणार नाही म्हणूनच तिने तसं सांगितलं होतं. आणि मी शहाणी.

"मग मोड ना शब्द," म्हटलं. "बेनीला काय कळणार आहे?"
"बेनीला नाय कळणार. तसबीर काय बेनीची हाय?"

नारळ खोवत राहिली. मीही दुसरी वाटी घेतली. आमच्यात असंच चालतं.

७ जाने., मंगळ.

ती गेली तर माझं माहेर गेलं. हे सरळ लिहून ठेवते, उगाच आडवळणं नकोत. एकसष्टाव्या वर्षी बाईला माहेर कशाला लागतं, असं कोणी विचारेल. लागतं.

आणि तिला कमरेची दुखणी. रात्रीबेरात्री उठली, पुन्हा पडली तर. बेनी चुकीचं काय बोलतोय?

झाड रात्री फ्रीजमध्ये ठेवलं.

१३ जाने., सोम.

दुसरा दांडा. शेजारच्या कंदाला. पहिल्यापेक्षा बारीक.

मि.मा.ला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. फोनवर तिळगूळ, गुडघे, नळाला पाणी दोन दिवसांआड.

२१ जाने., मंगळ.

बेनीचा फोन, मला. "वैशूताई, झाडाचं कसं काय? आई काय सांगत नाय." त्याचं मराठी अजून रोह्याचंच आहे. तिकडे जन्मलेल्या मुलीही 'नाय' म्हणतात म्हणाला.

म्हटलं, चाललंय.
"फोटो पाठव ना."

नोव्हेंबरातला पाठवला. त्याने उलट मेसेज केला, "छान हिरवं आहे." खोटारडेपणा एवढा सोपा असतो हे माहीत नव्हतं. जेवले नाही नीट.

२ फेब्रु., रवि.

गुरुवारपासून रोह्याला होते, मि.मा.च्या रक्ताच्या तपासण्या होत्या. ठीक आहेत. झाड स.वर सोपवून गेले होते. निघताना बजावलं होतं, शनिवारी काही करायचं नाही.

आज सकाळी आले तर फ्रीज बंद. दार बंद. आत झाड. मागच्या पडवीला दुपारचं ऊन थेट काचेवर येतं. दार उघडलं तर आतून उकडलेल्या पालेभाजीचा वास.

"हे काय केलंस?"

स.चा चेहरा. "तूच म्हणालीस ना, शनिवारी काही नाही. मावशीचं झाड. शुक्रवारी दिवेलागणीला बटण बंद केलं. तिच्याकडे बटण दाबत नाहीत, म्हणून परत लावलं नाही. बाहेरही काढलं नाही." मोठ्या भक्तीने केलंय बिचाऱ्याने. रात्री चांदण्या बघायला गच्चीवर गेला होता, तिथे डुलकी लागली.

"अरे माणसा, शनिवारी नको असतं ते फक्त पाणी."

पहिला, जाड दांडा पिवळा. टोकाच्या कळ्या बोटाला लागताच गळल्या. दुसरा, बारीक, मागच्या बाजूला पानाखाली होता. तो हिरवा वाटतो. वाटतो.

स.वर खूप ओरडले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं, आणि मला बरं वाटलं. लिहून ठेवते. मला बरं वाटलं. वाटलं, सुटलो. ती राहील.

दुपारी स. फ्रीजच्या काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवत होता.

६ फेब्रु., गुरु.

दुसरा दांडा जिवंत आहे. कळ्या दाण्याएवढ्या, तीन.

चार दिवस विचार केला. काहीच न करणं किती सोपं आहे. फ्रीज लावायला विसरायचं. एकदा. कोणी विचारणार नाही. स.ने तर वाट तयार करूनच दिली आहे.

नाही जमलं. रात्री उठून थर्मामीटर बघून आले. बारा. बरोबर.

स. जागा होता. "काय गं?"
"माझं माहेर चाललंय आणि मी त्यालाच गारवा घालतेय."
त्याने पाठीवर हात ठेवला.

१३ फेब्रु., गुरु.

मि.मा.कडे आज झाडांचा सण. मलिदा. पोहे, खोबरं, साखर, वर फळं, सब्ज्याची पानं. पूर्वी रोह्यात पाच-सहा घरं जमायची, आता ती एकटी प्रार्थना म्हणते आणि मी 'आमेन' म्हणते, तेही चुकीच्या जागी.

प्रसाद खाताना सांगून टाकलं. दोन दांडे होते, एक स.ने उकडला, एक आहे, तीन कळ्या आहेत.

ती स.चं ऐकून इतकी हसली की ताट बाजूला ठेवावं लागलं. "शनवार पाळला माझ्या जावयाने. पेणच्या माणसाने." डोळे पुसले. मग पुसतच राहिली.

म्हटलं, "मावशी, तुला जायचंय का? खरं सांग."

"बेनीला बघायचंय. त्याच्या पोरींना बघायचंय. त्यांच्यात मरायचं का, ते म्हायती नाय. आणि इथं सकाळी दार उघडलं की समोरची विचारते, काय मिल्काबाय, निजलीस काय नीट? तिकडं कोण विचारील मला मराठीत?"

"बेनी विचारेल."

"बेनी कामाला जाईल गो."

निघताना दारात: "कळी फुटायच्या आधी आण तिला घरी. फुलायची तर माझ्या खिडकीत फुलू दे. शालोमच्या."

२० फेब्रु., गुरु.

कळ्या लांबल्या, पांढऱ्या दिसायला लागल्या. दांडा खाली वाकला, तसाच वाकतो म्हणे. दुपारी आता बाहेर ऊन मी म्हणतंय. ओलं गोणपाट लावलंय खिडकीला, कारखान्यातल्या पोऱ्याकडून मागून आणलं. लाल रंगाचे शिंतोडे आहेत त्यावर.

बेनीला आजचा फोटो पाठवला. खरा. खाली लिहिलं, मागचा जुना होता, रागवू नकोस.

मग फोन. रडवेला. "ताई, मी तिला जबरदस्ती करतोय का?"

म्हटलं, तू मुलगा आहेस, तू करणारच. मी मुलगी नाही, तरी मी पण करतेय.

२ मार्च, रवि.

एक कळी गळली. दोन राहिल्या. उकाडा. फ्रीजमधून काढायची वेळ रोज लांबवते.

बेनी म्हणाला, तिकीट काढत नाही अजून. आईच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही. शनिवारी चांदण्या दिसल्यावर तो नेहमी फोन करतो, तेव्हा ती सांगेल. "ती फुललं म्हणाली की मी समजेन."

म्हणजे सगळं तिच्यावर. बरोबर आहे. आणि वाईट आहे.

७ मार्च, शुक्र.

स.ने गाडी काढली. मागच्या सीटवर बर्फाची पिशवी, त्यावर गोणपाट, त्यावर परडी, आणि परडी धरून मी. नागोठण्याला ट्रकच्या मागे अडकलो तेव्हा स. गाडीचा एसी पूर्ण सोडून स्वतः कुडकुडत बसला. प्रायश्चित्त चालू आहे.

रोह्याला पोचलो तर मि.मा. नवं लुगडं नेसून बसलेली. खिडकीत खिळा तोच, काकांनी ठोकलेला. परडी टांगली. ती स्टुलाकडे बघत होती, मी स्टूल आत नेऊन ठेवलं.

उद्याचं जेवण आजच करून झाकलेलं. स. पेणला परतला, मी राहिले. दिवेलागणीला तिने दिवा लावला, डोळ्यांवर हात धरले. आज जरा जास्त वेळ धरले.

झोपताना: "एक कळी ढिली झालीय गो."
"दिसलं."

८ मार्च, शनि.

सकाळी उठले तर ती आधीच खिडकीशी. खुर्ची ओढून.

फुललंय. एकच. दुसरी कळी अजून मिटलेली. पांढरं स्वच्छ, कडा जराशा चुरगळलेल्या, मधे पिवळं. मी नेटवर शंभर फोटो बघितलेत, तरी असं वाटलं नव्हतं. वासही आहे, अगदी जवळ गेलं तर.

मि.मा. फुलाला नाही, परडीच्या तारेला हात लावून बसली होती. ती तार काकांनी वळलेली. म्हणाली, "एवढ्यासाठी किती वर्षं थांबला तो." मग, "पाणी घालू नको हां. शनवार."

समोरची काकू येऊन बघून गेली. तिची सून आली. कोणी फोटो काढायला मोबाइल काढला तर मि.मा.ने मान हलवली, आज नको. झाकलेलं जेवण गारच जेवलो. दुपारभर दोघी खिडकीत. काकांच्या गोष्टी. दार्जिलिंगला त्यांना थंडी बाधली, मोजे हातात घालून फिरले. मी पूर्वी ऐकलेल्या, पुन्हा ऐकल्या. मधे मी विचारलं, संध्याकाळी काय सांगणार?

"आज शनवार. आज कोणाला काय सांगायचं नाय, काय ठरवायचं नाय. बस जरा."

बसले.

आता उजेड उतरलाय. मी पायरीवर बसून हे लिहितेय, तिला चालत नाही, मला चालतं. फोन आत टेबलावर आहे. बेनी तिकडे हातात धरून बसला असणार. समोरच्या माडावर एक चांदणी आलीय. पुलाच्या बाजूला आणखी एक असावी. तिसरी अजून नाही.

मि.मा. खुर्चीतून हललेली नाही. तिथूनच विचारलं, "ढग आलेत का गो?"

मार्चचं आकाश. एक ढग नाही.

"आल्यासारखे वाटतात," म्हटलं.